महिला खेळाडूंची लिंगपडताळणी आणि पुराव्याचा भार : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

१९८५ साली जपानमधील कोबे शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. स्पेनची अडथळा शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पाटिन्यो तेथे दाखल झाली. परंतु येताना ती एक कागद घरी विसरली होती. १९८३ च्या हेलसिंकी येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर तिला मिळालेले ते स्त्रीत्वाचे प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र नाही म्हणून गालाच्या आतील पेशी पुन्हा तपासण्यात आल्या आणि या वेळी निकाल उलटा आला. तिच्या पेशींत एक्स-वाय ही गुणसूत्रांची जोडी आढळली. पायाला दुखापत झाल्याचे दाखवून माघार घ्यावी, असा सल्ला तिला देण्यात आला आणि तिने तो मानला. पुढील वर्षी स्पेनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तिने तोच सल्ला झुगारला. ती धावली, साठ मीटर अडथळ्यांची शर्यत तिने जिंकली, आणि तिचा वैद्यकीय अहवाल वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. निवासाची सोय, शिष्यवृत्ती, नावावरील विक्रम हे सर्व काढून घेण्यात आले. ठरलेले लग्नही मोडले.

मार्टिनेझ-पाटिन्योच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला प्रतिसाद देण्याची क्षमताच नव्हती. वैद्यकशास्त्रात या स्थितीला संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता असे म्हणतात. ज्या संप्रेरकामुळे पुरुषांच्या स्नायूंना बळ मिळते, त्याचा तिला कणभरही लाभ नव्हता. फिनलंडचे जनुकशास्त्रज्ञ आल्बर्ट द ला शापेल यांच्या साहाय्याने तिने हे पटवून दिले व १९८८ मध्ये तिला पुन्हा पात्र ठरविण्यात आले. तोपर्यंत उमेदीची वर्षे निघून गेली होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची पात्रता तिची सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकली. हा सर्व अनुभव तिने २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः लिहिला आहे.

या विषयावरील चर्चा बहुधा जीवशास्त्र विरुद्ध मानवी हक्क अशा दोन टोकांत मांडली जाते. ही मांडणी सोयीची असली तरी तीत एक मूलभूत प्रश्न निसटतो. वाद उपस्थित झाल्यावर कोणी काय सिद्ध करावयाचे, हा तो प्रश्न होय. जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे, हे न्यायव्यवहारातील साधे तत्त्व आहे. मार्टिनेझ-पाटिन्योच्या बाबतीत संस्थेने संशय व्यक्त केला आणि तो खोटा ठरविण्यासाठी सुमारे तीन वर्षे खेळाडूला झगडावे लागले. प्रस्तुत लेखात लिंगपडताळणीच्या इतिहासातील काही टप्पे या एका प्रश्नाच्या अनुषंगाने तपासले आहेत. त्यांत भारतातील दोन धावपटूंच्या प्रकरणांना अधिक जागा दिली आहे, कारण पुराव्याचा हा भार कोणावर पडतो आणि तो कधी काळी कसा हलला, हे या दोन प्रकरणांच्या तुलनेत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

संशयाची साधने

महिला गटात पुरुष वेषांतर करून शिरतील, ही या चाचण्यांमागील मूळ भीती होती. तिच्या समर्थनार्थ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या उंच उडीत चौथी आलेल्या जर्मनीच्या डोरा राट्येन हिचे उदाहरण हमखास दिले जाते. १९३८ मध्ये माग्देबुर्ग रेल्वे स्थानकावर पोलिसांनी तिला ताब्यात घेतले व पुढे ती व्यक्ती हाइनरिख या नावाने पुरुष म्हणून जगली. तथापि हे वेषांतर नव्हते. जन्माच्या वेळी सुईणीचा गोंधळ झाल्याने ते मूल मुलगी म्हणून वाढविले गेले होते. म्हणजे फसवणुकीचा नमुना म्हणून ज्या घटनेकडे बोट दाखविले जाते, ती घटनाच फसवणुकीची नाही. भीती मात्र टिकून राहिली आणि शीतयुद्धाच्या काळात, पूर्व युरोपातील धावपटूंविषयीच्या कुजबुजीने ती अधिकच वाढली.

१९६६ साली बुडापेस्ट येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळासमोर विवस्त्र उभे राहावे लागले. त्याच वर्षी किंग्स्टन येथील राष्ट्रकुल स्पर्धेत तर हाताने शारीरिक तपासणी करण्यात आली. या प्रकारांवर टीका झाल्यानंतर सभ्य वाटणारा पर्याय म्हणून गुणसूत्रांची तपासणी पुढे आली. १९६७ मध्ये पोलंडची एवा क्लोबुकोव्स्का, जिने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीत सुवर्ण व शंभर मीटरमध्ये कांस्य मिळविले होते, ती या तपासणीत अपात्र ठरणारी पहिली खेळाडू ठरली. १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गालाच्या पेशींतील 'बार बॉडी' शोधण्याची पद्धत रूढ झाली. ज्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, तीत त्यांपैकी एक निष्क्रिय होऊन गडद ठिपक्यासारखे दिसते. तो ठिपका दिसला की स्त्री, असा हा हिशेब होता.

हा हिशेब शास्त्रीय दृष्ट्या किती तकलादू होता, हे थोडा विचार केला तरी लक्षात येते. एक्स-एक्स-वाय गुणसूत्रे असलेल्या पुरुषाच्या पेशीतही हा ठिपका असतो. म्हणजे तो पुरुष या चाचणीत स्त्री म्हणून उत्तीर्ण झाला असता. एकच एक्स गुणसूत्र घेऊन जन्मलेली, सर्वसाधारणपणे ठेंगणी असणारी स्त्री मात्र अनुत्तीर्ण झाली असती. पुरुषाला रोखण्यासाठी आणलेली चाचणी पुरुषाला आत घेणारी आणि स्त्रीला बाहेर काढणारी होती. जनुकशास्त्रज्ञ हे सातत्याने सांगत होते. तरीही ही पद्धत ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिली.

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने बार बॉडीऐवजी वाय गुणसूत्रावरील 'एसआरवाय' या जनुकाचा शोध घेण्यास सुरुवात केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची तपासणी झाली आणि त्यांपैकी आठ जणींत हे जनुक आढळले. पुढील वैद्यकीय तपासणीनंतर आठही जणींना खेळण्याची परवानगी देण्यात आली. एकही पुरुष सापडला नाही. १९९९ मध्ये समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने तर त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या आरंभी, सरसकट गुणसूत्र तपासणी सोडून दिली होती. परंतु संशय आल्यास एखाद्या खेळाडूची तपासणी करण्याचा अधिकार संस्थांनी स्वतःकडे राखून ठेवला. सर्वांची चाचणी बंद होऊन निवडकांची चाचणी सुरू झाली, आणि निवड कोणाची करावयाची हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडले गेले. जिचे खांदे रुंद, आवाज जाड, केस आखूड, तिच्याकडे बोट जाणार हे उघड होते.

येथे मराठी वाचकासाठी एका शब्दाची नोंद करणे अवश्य वाटते. आपल्याकडे लिंगचाचणी किंवा लिंगनिदान हा शब्द उच्चारला की गर्भातील मुलीचा प्रश्न डोळ्यांसमोर येतो. ते निदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम केला. गर्भाच्या बाबतीत जो प्रश्न विचारण्यास राज्याने बंदी घातली, तोच प्रश्न प्रौढ स्त्रीला मैदानावर संस्था विचारते. दोन्ही ठिकाणी विज्ञान एकच आहे आणि उत्तराचे परिणाम जिला भोगावे लागतात तिला विचारण्याची पद्धत दोन्हीकडे नाही. गोंधळ टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात 'लिंगपडताळणी' हा शब्द वापरला आहे.

दोहा, २००६

शांती सौंदरराजन ही तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या कथाकुरिची गावची. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करणारे, कुटुंब दलित. डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत तिने २ मिनिटे ३.१६ सेकंद अशी वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. बहरीनची मरियम युसुफ जमाल पहिली आली होती, तर कझाकस्तानची व्हिक्टोरिया यालोव्त्सेवा शांतीच्या अवघे ०.०३ सेकंद मागे होती. शर्यतीनंतर शांतीला तपासणीसाठी नेण्यात आले. तपासणीचा हेतू तिला समजेल अशा रीतीने सांगण्यात आला नाही. अहवाल तिच्या हाती पडण्यापूर्वी त्याची बातमी वृत्तवाहिन्यांवर झळकली. पदक परत घेण्यात आले.

या प्रकरणात प्रक्रिया म्हणून काय घडले, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही, आणि तेच येथे महत्त्वाचे आहे. शांतीला कोणत्या लाभापोटी अपात्र ठरविले, तो लाभ किती होता, तिच्या शरीराला त्या संप्रेरकाचा प्रतिसाद होता की नव्हता, यांपैकी कोणत्याही मुद्द्यावर तिच्यासमोर सुनावणी झाली नाही. आपल्या देशाच्या क्रीडा संघटनांनीही तिच्या वतीने अपील केले नाही. त्या काळी क्रीडा लवाद न्यायालय अस्तित्वात होते; मार्टिनेझ-पाटिन्योचे उदाहरण उपलब्ध होते; तिचा 'लॅन्सेट'मधील लेख वर्षभरापूर्वीच प्रसिद्ध झाला होता. ज्ञानाची उणीव नव्हती. ते ज्ञान आणि वीटभट्टी कामगाराची मुलगी यांच्यामध्ये उभी राहील अशी संस्था नव्हती.

तमिळनाडू शासनाने तिला १५ लाख रुपयांचे बक्षीस दिले आणि पदक गेल्यानंतरही ते मागे घेतले नाही, ही या प्रकरणातील अपवादात्मक माणुसकीची नोंद होय. २००७ मध्ये शांतीने आत्महत्येचा प्रयत्न केला. २०१२ च्या सुमारास ती वीटभट्टीवर रोजंदारी करीत असल्याच्या बातम्या आल्या. पुढे ती प्रशिक्षक झाली.

द्युती चंद आणि २०१५ चा निवाडा

दोहानंतर तीन वर्षांनी, २००९ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या अठरा वर्षांच्या कॅस्टर सेमेन्याने ८०० मीटर शर्यत १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जिंकली. तिची तपासणी सुरू असल्याचे महासंघाने अंतिम शर्यतीच्याच दिवशी मान्य केले आणि साऱ्या जगात तिच्या देहाची चर्चा झाली. या गदारोळातून २०११ चे नियम जन्माला आले. रक्तातील टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोल किंवा त्याहून अधिक असेल आणि शरीर त्याला प्रतिसाद देत असेल, तर उपचारांनी पातळी खाली आणल्याखेरीज महिला गटात खेळता येणार नाही, असा हा नियम होता.

२०१४ साली हा नियम ओडिशातील जाजपूर जिल्ह्याच्या विणकर कुटुंबातील द्युती चंदपर्यंत पोहोचला. त्या वर्षी तैपेई येथील आशियाई कनिष्ठ स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके मिळविली होती. नेहमीची वैद्यकीय तपासणी म्हणून तिच्या चाचण्या करण्यात आल्या आणि ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून वगळण्यात आले. येथवरचा क्रम शांतीच्या प्रकरणाहून फारसा वेगळा नाही. फरक पुढे पडला. क्रीडा क्षेत्रातील लिंगभावाच्या अभ्यासक पयोष्णी मित्रा तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कॅनडातील वकिलांनी मोबदला न घेता बाजू मांडली. आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाने, ज्याने स्वतःच तिची तपासणी केली होती, अपिलाला आर्थिक साहाय्य दिले. एकाच संस्थेचे हे दोन चेहरे विसंगत वाटतील. परंतु २००६ मध्ये जे घडले त्याची टोचणी या बदलामागे असावी, असे मानण्यास जागा आहे.

द्युतीचे म्हणणे असे की, तिने बाहेरून काहीही घेतलेले नाही. जे आहे ते तिच्या शरीराचे आहे. आणि खेळण्यासाठी निरोगी शरीरावर औषधोपचार करून घेण्याची सक्ती तिला मान्य नाही. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाच्या तीन सदस्यीय मंडळाने दिलेला अंतरिम निवाडा बारकाईने वाचण्याजोगा आहे, कारण त्यात पुराव्याच्या भाराची दोन भागांत विभागणी केली आहे. टेस्टोस्टेरॉनचा कामगिरीशी काहीच संबंध नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मंडळाने द्युतीवर टाकली आणि ती तिला पार पाडता आली नाही, असे म्हटले. परंतु हा नियम केवळ स्त्रियांना, आणि तोही एका नैसर्गिक शारीरिक गुणामुळे लागू होत असल्याने सकृद्दर्शनी भेदभावाचा आहे. तेव्हा तो आवश्यक व प्रमाणशीर आहे हे महासंघाने सिद्ध केले पाहिजे, असे मंडळाने ठरविले. पुरुष आणि स्त्रिया यांच्या उच्च पातळीवरील कामगिरीत साधारण १० ते १२ टक्क्यांचे अंतर असते. जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रीला इतर स्त्रियांपेक्षा मिळणारा लाभ या अंतराच्या जवळपास जातो, की उंची, फुप्फुसांची क्षमता किंवा उत्तम प्रशिक्षण यांमुळे मिळणाऱ्या लाभाइतकाच असतो, याचा पुरावा महासंघाकडे नव्हता. नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला. दोन वर्षांत पुरावा आणा, अन्यथा नियम रद्द होईल, असे महासंघाला सांगण्यात आले.

संशयित स्त्रीऐवजी संशय घेणाऱ्या संस्थेला 'किती' हा प्रश्न विचारला गेल्याचे या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय. द्युती २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर धावली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० व २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळविली. (उत्तेजक द्रव्य सेवनाबद्दल २०२३ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ते प्रकरण या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. बाहेरून घेतलेले द्रव्य आणि देहात उपजत असलेले संप्रेरक यांची गल्लत २०१५ मध्येही केली गेली होती आणि ती आजही केली जाते, एवढेच येथे नोंदविणे पुरे.)

पुरावा आला, तो कसा होता

महासंघाचा प्रतिसाद २०१७ मध्ये आला. महासंघाशी संबंधित स्तेफान बेर्मों आणि पिएर-इव्ह गार्निए यांनी २०११ व २०१३ च्या जागतिक स्पर्धांतील खेळाडूंच्या रक्ततपासण्या आणि कामगिरी यांचा मेळ घालणारा अभ्यास प्रसिद्ध केला. मुक्त टेस्टोस्टेरॉन सर्वाधिक असलेल्या स्त्रियांची कामगिरी, ते सर्वांत कमी असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, ४०० मीटरमध्ये २.७३ टक्के, ४०० मीटर अडथळ्यांत २.७८ टक्के, ८०० मीटरमध्ये १.७८ टक्के, हातोडाफेकीत ४.५३ टक्के आणि बांबूउडीत २.९४ टक्के सरस आढळली, असे त्यात म्हटले होते.

हे आकडे १० ते १२ टक्क्यांच्या जवळपासही नव्हते. परंतु त्याहून लक्षणीय बाब पुढे घडली. एप्रिल २०१८ मध्ये महासंघाने नवा नियम केला. मर्यादा १० वरून ५ नॅनोमोलवर आणली आणि तो ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता लागू केला. ज्या हातोडाफेकीत व बांबूउडीत अभ्यासाला सर्वांत मोठे फरक दिसले होते, ते प्रकार वगळले गेले. आणि ज्या १५०० मीटर व एक मैल शर्यतींविषयी अभ्यासात तसा निष्कर्ष नव्हता, त्या समाविष्ट झाल्या. पुराव्यावरून नियम बनला असता तर त्याचा आकार असा झाला नसता. सेमेन्या ८०० आणि १५०० मीटर धावत असे, हे लक्षात घेतले की या आकाराचा अर्थ लागतो. द्युतीच्या शर्यती नव्या नियमातून सुटल्या आणि तिचे प्रकरण आपोआप संपले; म्हणजे २०१५ च्या मंडळाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच मंडळासमोर देण्याची वेळ महासंघावर आली नाही.

सेमेन्याचे अपील १ मे २०१९ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळले गेले. नियम भेदभाव करणारा आहे, पण तो आवश्यक, वाजवी व प्रमाणशीर आहे, असे बहुमताने म्हटले. त्याच निवाड्यात १५०० मीटर व एक मैलाविषयी पुरावा अपुरा असल्याची आणि संप्रेरक-नियंत्रक गोळ्यांच्या दुष्परिणामांची चिंताही व्यक्त झाली आहे. शंका नोंदवावयाची आणि तिचा लाभ मात्र संस्थेला द्यावयाचा, असा हा तर्क आहे. चार वर्षांपूर्वी याच न्यायालयाने शंकेचा लाभ खेळाडूला दिला होता. रॉजर पीलके, रॉस टकर आणि एरिक बोय यांनी २०१७ च्या अभ्यासातील आकडेवारीत चुका दाखवून दिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये मूळ लेखकांनीच दुरुस्ती प्रसिद्ध केली. आपले निष्कर्ष केवळ प्राथमिक शोधाच्या पातळीवरचे असून त्यांवरून कार्यकारणसंबंध सूचित होणे दिशाभूल करणारे ठरू शकते, असा तिचा आशय होता. तोवर टोकियो ऑलिम्पिक पार पडले होते आणि सेमेन्या आपल्या शर्यतीत नव्हती.

या नियमांची किंमत देहानेही मोजली आहे. २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात विकसनशील देशांच्या ग्रामीण वा डोंगराळ भागांतून आलेल्या, १८ ते २१ वर्षे वयाच्या चार खेळाडूंवरील शस्त्रक्रियांची माहिती दिली. अंतर्गत जननग्रंथी काढून टाकण्यात आल्या होत्या. त्या राहू दिल्याने आरोग्यास धोका नव्हता, हे डॉक्टरांनीच लिहिले आहे. शिश्निकेचा काही भागही कापण्यात आला होता. शिश्निकेचा आणि धावण्याच्या वेगाचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. या मुलींच्या संमतीला संमती म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. २०१९ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने या नियमांच्या अंमलबजावणीत सहभागी होऊ नये, असे आवाहन डॉक्टरांना केले.

प्रतिपक्षाचा विचार

प्रतिपक्षाचे म्हणणे येथे गांभीर्याने घेतले पाहिजे. महिलांचा स्वतंत्र गट हाच मुळी शारीरिक भेदाच्या आधारावर उभा आहे. तो नसता तर ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतींत स्त्रिया क्वचितच दिसल्या असत्या. तेव्हा गटाला सीमा असणार आणि ती कोणीतरी आखणार. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरची तिन्ही पदके सेमेन्या, फ्रान्सिन नियोन्साबा आणि मार्गारेट वांबुई यांना मिळाली आणि या तिघींनाही २०१८ चा नियम लागू झाला. चौथी आलेली कॅनडाची मेलिसा बिशप हिच्या मनात अन्यायाची भावना असेल, तर तिला मत्सर म्हणून निकालात काढता येणार नाही. दोहात ०.०३ सेकंदाने मागे राहिलेल्या यालोव्त्सेवाचेही कष्ट खरेच होते. स्त्री-हक्कांच्या बाजूने लिहिणारे या स्त्रियांचा उल्लेख टाळतात, हा त्या लेखनातला दोष आहे.

परंतु सीमा आवश्यक आहे हे मान्य केल्याने, सीमा आखणाऱ्याने पुरावा द्यावा ही अपेक्षा रद्द होत नाही. उलट ती वाढते. ज्या नियमामुळे एका स्त्रीचे पदक वाचते आणि दुसरीचे आयुष्य मोडते, त्या नियमाला अधिक कठोर कसोटी लावली पाहिजे. १० जुलै २०२५ रोजी मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाच्या महापीठाने सेमेन्या प्रकरणात दिलेला निर्णय नेमका या मुद्द्यापुरता आहे. नियम योग्य की अयोग्य, हे महापीठाने ठरविले नाही; तिच्या तक्रारीची जितक्या काटेकोरपणे छाननी व्हावयास हवी होती तितकी स्विस सर्वोच्च न्यायालयाने केली नाही, म्हणून न्याय्य सुनावणीचा तिचा हक्क डावलला गेला, असे म्हटले. सोळा वर्षांच्या झगड्यानंतर तिला मिळालेले उत्तर असे की, तिचे म्हणणे नीट ऐकले गेले नव्हते.

पुन्हा जनुकाकडे

याच महिन्याच्या अखेरीस, ३० जुलै २०२५ रोजी, महासंघाने (आताचे नाव वर्ल्ड अॅथलेटिक्स) नवा नियम जाहीर केला. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूने आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी करून घेतली पाहिजे, असा तो नियम आहे. त्याआधी मार्च २०२३ मध्ये टेस्टोस्टेरॉनची मर्यादा २.५ नॅनोमोलवर आणून ती सर्व शर्यतींना लागू करण्यात आली होतीच. अटलांटानंतर ज्या चाचणीचा ऑलिम्पिक समितीने त्याग केला, तीच पुन्हा आली.

या पुनरागमनाकडे केवळ जुन्या चुकीची पुनरावृत्ती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. संप्रेरकाच्या नियमात मर्यादेचा आकडा असतो. आकडा आला की तो १० का, ५ का, २.५ का, असे विचारता येते. त्यातून लाभ किती, हा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी २०१५ मध्ये महासंघावर आली होती. जनुक असते किंवा नसते. तेथे 'किती' हा प्रश्नच उद्भवत नाही आणि म्हणून पुराव्याचा जो भार महासंघाला पेलता आला नाही, तो आता त्याला उचलावाच लागत नाही. संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता असलेल्या खेळाडूंना नव्या नियमातून सूट आहे. म्हणजे मार्टिनेझ-पाटिन्यो आज पात्र ठरली असती. परंतु तसे ठरण्यासाठी पुढील वैद्यकीय तपासण्यांतून तिलाच जावे लागले असते आणि आपल्या शरीराची असमर्थता तिलाच दाखवून द्यावी लागली असती. भार पुन्हा तिच्याच खांद्यावर आला असता.

ज्यांनी १९९० मध्ये एसआरवाय जनुक शोधले, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच ऑगस्ट २०२५ मध्ये या वापरावर जाहीर टीका केली. जनुक आहे एवढेच ही चाचणी सांगते. ते कार्य करते का, वृषण तयार झाले का, टेस्टोस्टेरॉन निर्माण होते का, आणि झाल्यास शरीर ते वापरू शकते का, यांपैकी काहीही सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रयोगशाळेतील पुरुष कर्मचाऱ्याची एखादी पेशी नमुन्यात मिसळली तरी चुकीचा निकाल येऊ शकतो, असाही इशारा त्यांनी दिला. फ्रान्समध्ये तर वैद्यकीय वा न्यायालयीन कारणाशिवाय जनुकीय चाचणी करण्यास कायद्याने मनाई असल्याने तेथील खेळाडूंच्या चाचण्या देशाबाहेर कराव्या लागल्या.

चाचणी घडवून आणण्याचे काम या नियमाने राष्ट्रीय महासंघांकडे सोपविले आहे. म्हणजे भारतातील एखाद्या तालुक्याच्या गावातून, महाविद्यालयाच्या मैदानावरून पुढे गेलेल्या मुलीला आपल्या देहाविषयीची ही माहिती आपल्याच देशातील अधिकाऱ्याकडून मिळणार आहे. अशा मुलीला बहुधा घरी कोणाला हे सांगता येणार नाही, आणि ती ज्यांच्याकडे धाव घेईल ते महाविद्यालयाचे क्रीडा संचालक असण्याची शक्यता अधिक. अहवाल प्रथम तिच्या हाती पडावा, तो तिच्या भाषेत समजावून सांगितला जावा, त्या वेळी समुपदेशक उपस्थित असावा, आणि अपिलाचा खर्च कोण देणार हे तिला त्याच दिवशी कळावे, अशी लेखी हमी चाचणीपूर्वीच देणे हे भारतीय महासंघाच्या आवाक्याबाहेरचे नाही. दोहात यांपैकी काहीच झाले नव्हते.